सांगलीत शनिवार-रविवार: घरच्यांना आणि मित्रांना कृष्णाकाठ कसा दाखवायचा

सांगलीला पाहुणे आले की प्रश्न ठरलेला असतो, "इथं बघण्यासारखं काय आहे?" उत्तरही ठरलेलं असतं: गणपती मंदिर, मिरजेचा दर्गा, वाडी म्हणजे नृसिंहवाडी, औदुंबर. यादी बरोबर आहे. पण ती हातात धरून धावलं की भर दुपारी तापलेल्या घाटावर पोरं रडकुंडीला येतात आणि संध्याकाळी, नदी खरी बघण्यासारखी असते तेव्हा, सगळे लॉजच्या खोलीत पाय दाबत बसलेले असतात. म्हणून या गावातले दोन दिवस नदीच्या वेळेनं आखा. सकाळ-संध्याकाळ काठावर, दुपार सावलीत. एवढं पाळलंत तर अर्धी यादी सोडून दिली तरी सांगली बघून झाली असं समजा.

आधी महिना ठरवा

बाहेरगावच्यांनी जुलै-ऑगस्ट टाळावा. कोयनेतून पाणी सुटलं की कृष्णा चढते. वारणेवरच्या चांदोली धरणातून सुटलं की वारणा फुगते आणि ती खाली हरिपूरला कृष्णेत उतरते. संगमावर वारणेचा लोंढा असला की वरच्या अंगाला, म्हणजे सांगली शहरापाशी, कृष्णेचं पाणी पुढं सरकायला वेळ लागतो आणि ते काठावर पसरतं. पावसाळ्यात इथं दोन माणसं भेटली की आधी "आयर्विनला किती फूट झालं?" असं विचारतात. आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल. त्याच्याजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१च्या जुलैमध्ये ५५ फुटांच्या आसपास. तेव्हा पावसाळ्यात यायचंच असेल तर निघायच्या दिवशी पातळीची बातमी बघून मगच गाडी काढा. पूर बघायला म्हणून तर मुळीच येऊ नका. त्या दिवसांत काठावरच्या लोकांना घरातलं सामान वरच्या मजल्यावर चढवायचं असतं, आणि बघ्यांच्या गाड्या रस्त्यात आडव्या येतात.

दिवाळी ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. सकाळी पाण्यावर धुकं असतं, ऊन सोसवतं, डिसेंबर-जानेवारीत हुरडा मिळतो आणि फेब्रुवारीत द्राक्षं. मार्च ते मे मध्ये नदी खाली जाते, काही ठिकाणी जलपर्णी साचते आणि सकाळी नऊनंतर काठावर थांबवत नाही. गणेशोत्सवाची हौस असेल तर सांगलीची एक रीत मुलांना जरूर सांगा: इथल्या मंदिरात भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे चतुर्थीच्या आधीच, गाजावाजा न करता गणपती बसतो. त्याला चोर गणपती म्हणतात. संस्थानच्या गणपतीची मिरवणूक पाचव्या दिवशी निघते. त्या दिवशी शहरात गाडी घालायचा विचार सोडून द्या.

निघायच्या आधी घरातच सांगायच्या गोष्टी

हा भाग कुणी वाचून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज, पार अगदी सांगलीवाडीपर्यंतच्या पट्ट्यात त्या वर्षानुवर्षं दिसतात, आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. थंडीत ऊन खायला त्या काठाच्या मळीवर, म्हणजे गाळाच्या जमिनीवर, येऊन पडतात. लांबून पाहिलं तर वाळलेला ओंडकाच वाटतो. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या काठाच्या मातीत अंडी घालतात, तेव्हा मादी जास्त आक्रमक असते. म्हणून घाट सोडून झाडोऱ्यातून पाण्याकडे उतरायचं नाही, वाकून हात-पाय धुवायचे नाहीत, आणि मगर दिसली तर दगड मारायचा नाही. फोटो पुलावरून किंवा उंच काठावरून काढावा.

दुसरी गोष्ट पोहण्याची. सकाळी घाटावर इथले लोक पोहताना दिसतील. त्यांना प्रत्येक पायरी, प्रत्येक डोह लहानपणापासून पाठ असतो. आपल्याला नसतो. पाण्याखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पुढं एकदम खोल लागतं. मित्रांच्या घोळक्यात कुणीतरी एक जण "दोन मिनिटं उतरून येतो" म्हणतोच. त्याला आदल्या रात्रीच नाही म्हणून सांगा.

तिसरी होडीची. लाइफ जॅकेट नसेल तर चढू नका, आणि होडी भरलेली दिसली तर पुढच्या फेरीला थांबा. २०१९च्या महापुरात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी होडी उलटून अनेकांचा जीव गेला. काठावरच्या गावांत ती आठवण अजून ताजी आहे, त्यामुळे नावाड्यानं "एवढेच बसा" म्हटलं की हुज्जत घालू नये. अडचणीच्या वेळी ११२ हा नंबर लक्षात ठेवा.

यायचं कसं, उतरायचं कुठं

रेल्वेनं येत असाल तर शनिवारी सकाळी मिरज जंक्शनला उतरा. बघायचं पहिलं ठिकाण मिरजच आहे, म्हणजे उलटसुलट फिरावं लागत नाही. याच मिरजेतून एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात होरपळणाऱ्या लातूरला रेल्वेच्या टाक्यांमधून पाणी गेलं होतं, सव्वातीनशे किलोमीटरहून लांब. मुलांना फलाटावर उभं करून हे सांगितलं की नदी म्हणजे काय ते त्यांना पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

गाडीनं पुणे-मुंबईकडून येणाऱ्यांनी महामार्ग पेठ नाक्याला सोडायचा आणि ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर)-आष्टा करत सांगली गाठायची. कोल्हापूरहून जयसिंगपूरमार्गे पन्नासेक किलोमीटर. राहायला मिरज-सांगली रस्त्यावर किंवा एसटी स्टँडच्या आसपास लॉज मिळतात. म्हातारी माणसं बरोबर असतील तर लिफ्ट आहे का ते फोनवरच विचारून घ्या. सांगली आणि मिरज यांच्यात दहाएक किलोमीटरचं अंतर आहे. शहर बस आणि वडाप, म्हणजे वाटेत माणसं घेत जाणाऱ्या खासगी गाड्या, सतत चालू असतं. शहरात मात्र स्वतःच्या गाडीपेक्षा रिक्षा बरी, कारण गणपती पेठेतल्या गल्ल्या अरुंद आहेत आणि गाडी लावायला जागा शोधण्यातच सकाळ निघून जाते.

शनिवार, अकरा ते दोन: मिरज

ऊन चढायला लागलं की आत शिरायचं ठिकाण म्हणजे मिरजेतले सतारमेकर. मूळ शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून एकोणिसाव्या शतकात हा धंदा उभा राहिला. फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. आज देशभरातले गवई तानपुरा मिरजेचाच हवा म्हणतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

शनिवारी जायचं कारण साधं आहे. त्या दिवशी काम चालू असतं आणि रविवारी दारं बंद मिळण्याची शक्यता जास्त. आधी विचारून आत जा, एका वेळी चार-पाच जणच जा, आणि लहानांना सांगून ठेवा की टांगलेल्या भोपळ्याला हात लावायचा नाही. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात. ते खायचे नव्हेत. कडू जातीचे, जाड सालीचे, नीट वाळवलेले. भोपळा भिजवून मऊ करतात, हवा तसा कापतात, त्यावर लाकडाची तबली बसवतात, मग दांडी, खुंट्या, नक्षी. हे सगळं डोळ्यांना दिसतं. खरी गंमत पुढं आहे, तिच्यासाठी दहा मिनिटं गप्प बसायची तयारी ठेवा. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, तार बाजूला करून कानस दोन-तीनदा फिरवतो, पुन्हा तार चढवतो. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी बारीक उतार असतो आणि तार त्यावर किती टेकते यावर आवाजाचा झणकार ठरतो. याला जवारी काढणं म्हणतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये साधा सुती दोरा सरकवतो. दोरा इकडं-तिकडं झाला की मघाशी ठक्क वाजणारी तार एकदम फुलून गुंजायला लागते. लहान मुलं हे तोंड उघडं टाकून बघतात. फोनवर गाणी ऐकणाऱ्या मित्रमंडळींनाही खोलीभर पसरणारा तो आवाज पहिल्यांदा ऐकायला मिळतो.

कारागिरांचा वेळ आपण घेतोय हे लक्षात असू द्या. घ्यायचं नसेल तर उगीच भाव विचारत बसू नये.

तिथून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात. सगळ्या धर्मांची माणसं इथं येतात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर याच आवारात आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई इथं हजेरी लावतात. डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा. मिरजेतच जेवा आणि सांगलीला येऊन चार वाजेपर्यंत विश्रांती घ्या. आडवं पडायला कंटाळा करू नका, संध्याकाळ मोठी आहे.

शनिवार संध्याकाळ: हरिपूर

दोन दिवसांत एकच जागा बघायची असेल तर मी हरिपूर सांगेन. शहरापासून चारेक किलोमीटरवर, वाटेला चिंचेची जुनी झाडं. दम असलेल्यांनी चालत जावं, बाकीच्यांनी रिक्षा करावी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणजे साडेचारला निघालात तर घाई होत नाही.

आधी संगमेश्वराचं दर्शन घ्या, मग घाटावर बसा. वारणा पश्चिमेकडून येते, कृष्णा उत्तरेकडून, आणि तुम्ही बसलेले असता पूर्वेच्या काठावर. त्यामुळे मावळतीचं ऊन सरळ पाण्यावरून तुमच्याकडे येतं. पाऊस संपता संपता आलात तर दोन नद्यांच्या पाण्याचा रंगही वेगळा दिसतो. समोरचा काठ कोल्हापूर जिल्ह्यातला. पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यावर बसा, गुडघे दुखणाऱ्यांना खाली न्यायची गरज नाही. वरूनच दृश्य जास्त चांगलं दिसतं.

हरिपूर नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचं गाव. आणि हळदीचंही. इथल्या जमिनीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवायची पद्धत होती. त्यांना पेवं म्हणतात. इथली मातीच अशी की पेवातली हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, आणि व्यापारी भाव येईपर्यंत थांबायचे. पेव उघडलं की लगेच आत उतरत नसत, आतली कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देत. २००५च्या महापुरानं या पेवांत पाणी शिरलं आणि हळदीचं फार नुकसान झालं. गावात एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला नमस्कार करून "काका, पेवं कुठं होती?" असं विचारा. लोक आपुलकीनं दाखवतात.

श्रावणी सोमवारी इथं मोठी यात्रा असते. जवळपास राहणाऱ्यांनी, पाणी कमी असेल तर, त्या दिवशी जरूर यावं.

संगमावर खायला भडंग न्या. सांगलीचं भडंग घरच्या चिवड्यापेक्षा तिखट आणि लसणीचं असतं, लहानांसाठी कमी तिखट मागून घ्या. रिकाम्या पिशव्या परत आणा. नदीत टाकलेलं पुढं वाडीच्या घाटाला जाऊन लागतं.

परतताना पेठेत थांबून खरेदी उरकून टाका, रविवारवर ढकलू नका. हळद पूड घेण्यापेक्षा हळकुंडं घ्या. एखादं मोडून बघा: कडकन मोडलं आणि आत गडद केशरी-पिवळं दिसलं की घ्यावं. घरी गेल्यावर दळून घ्या. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

रात्री भावे नाट्यमंदिरात प्रयोग आहे का ते आधीच बघून ठेवा. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीच्या राजवाड्यात पहिला नाट्यप्रयोग केला. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो तो त्या प्रयोगाचाच. सांगलीत नाटक बघण्यात वेगळा मजा आहे, कारण प्रेक्षक जाणकार असतो आणि दाद मनमोकळी देतो.

रविवार सकाळ: आयर्विन पूल, घाट, गणपती

साडेसहाला बाहेर पडा. पोरांना उठवायचं जिवावर येतं, पण आठनंतर घाट वेगळाच होतो.

टिळक चौकातून आयर्विन पुलावर जा. १९२९ मध्ये उघडलेला दगडी कमानींचा हा पूल सांगली आणि सांगलीवाडी जोडतो. वाहनं असतात, म्हणून एका रांगेत चाला आणि मुलं आतल्या बाजूला घ्या. सांगलीवाडीच्या टोकापर्यंत जाऊन मागं वळून बघा. सूर्य शहराच्या पाठीमागून वर येतो आणि घाटाच्या पायऱ्या, देवळांची शिखरं धुक्यातून एकेक करत उमटत जातात. पुराच्या दिवसांत हेच पाणी किती चढतं याचा अंदाज पुलाच्या खांबांकडे बघूनच येतो. मुलांना ५७ फूट म्हणजे किती ते इथं उभं राहून दाखवा.

मग सांगलीच्या बाजूला येऊन काठाकाठानं चाला. सरकारी घाट, विष्णू घाट, माई घाट, वसंतदादांची समाधी हे सगळं चालण्याच्या टप्प्यात आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले ते नदीच्याच दिशेनं धावले होते, आणि जुलै म्हणजे नदी भरलेली. त्या झटापटीत दोघे हुतात्मे झाले. समाधीपाशी थांबून हे मुलांना सांगावं, फोटो काढून पुढं जाऊ नये.

शेवटी गणपती. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेतून वेगळे झाले आणि सांगली ही त्यांची राजधानी झाली. हे मंदिर त्यांनी बांधायला घेतलं आणि पुरं व्हायला तीसेक वर्षं लागली. काळ्या दगडाचं पंचायतन आहे, मध्ये गणपती आणि भोवती चार देवळं. आधी गाभाऱ्यातलं दर्शन घ्या, मग सावकाश प्रदक्षिणा घालून बाकीची देवळं बघा. आजी-आजोबांना सकाळच्या गार फरशीवर बसायला इथं फार आवडतं. त्यांना तिथं बसवून बाकीच्यांनी नाष्टा करून यावा आणि त्यांच्यासाठी बांधून आणावा.

लहान मुलं अजून दमली नसतील तर आमराई या शहरातल्या बागेत तासभर सोडा. झाडं मोठी आहेत, सावली भरपूर.

रविवार दुपारनंतर: एकच दिशा निवडा

इथं बहुतेकांचा बेत फसतो. एका दिवसात वाडी, औदुंबर, खिद्रापूर सगळं होत नाही. बरोबर कोण आहे ते बघून ठरवा.

घरातली मोठी माणसं असतील तर नृसिंहवाडी. वीस-बावीस किलोमीटर. कृष्णा-पंचगंगेचा संगम, नृसिंह सरस्वतींच्या पादुका. दुपारी महापूजा असते, गर्दी नको असेल तर चारनंतर पोचा. पावसाळ्यात पाणी मंदिरात एका दारानं शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार सोहळ्याला स्नानासाठी लोक लांबून येतात. पण तो लहान मुलांना घेऊन जाण्याचा दिवस नव्हे. जेवणात मळीतली वांगी मिळाली तर सोडू नका. पुराच्या गाळात वाढलेल्या त्या वांग्यांची चव दुसरीकडं येत नाही.

मित्र असतील आणि दगडातलं कोरीवकाम बघायची आवड असेल तर वाडी थोडक्यात आटपून खिद्रापूर. सांगलीहून एकूण चाळीसच्या आसपास. बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं मंदिर. स्वर्गमंडपाचं छत मध्ये गोल उघडं आहे आणि खाली तेवढीच गोल शिळा. तिथं उभं राहून वर आकाश बघा. समोर नंदी नाही हेही लक्षात येईल. ऊन कलतं असताना बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं जास्त उठून दिसतात, म्हणून तीन-साडेतीनला पोचणं चांगलं.

शांतता हवी असेल तर औदुंबर. भिलवडीजवळ, पंचवीस-तीस किलोमीटर. दत्तस्थान, उंबराची सावली, आणि पलीकडच्या काठावर भुवनेश्वरीचं देऊळ. होडीनं पलीकडे जाता येतं. होडीबद्दल वर लिहिलं आहे ते इथं अक्षरशः पाळा, कारण मगरींचा पट्टा हाच. संक्रांतीला इथं दर वर्षी साहित्य संमेलन भरतं, साहित्यप्रेमी मंडळींनी तो दिवस धरून यावं.

देवळं नकोच असतील तर देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य आहे. माणसांनी उघड्या डोंगरावर झाडं लावून तयार केलेलं जंगल, आत हरणं आणि सांबरं. मात्र त्यासाठी सकाळीच निघावं लागतं, म्हणजे घाटाची सकाळ जाते.

परतीचं

नोव्हेंबर ते मार्च साखर कारखाने चालू असतात. पेठ, जयसिंगपूर, पलूस कुठलाही रस्ता घ्या, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतातच, कित्येकांना मागं दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. म्हणून अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा. नाही जमलं तर ओव्हरटेकची घाई न करता मागं राहा.

वाडीहून निघताना बासुंदी तिथंच बसून खा. लांबच्या प्रवासात ती टिकत नाही. घरी न्यायला पेढे किंवा कवठाची बर्फी घ्या. बर्फी आंबटगोड असते, मुलांना आवडेल की नाही ते एक तुकडा चाखवून मगच किलोभर बांधून घ्या.